पुढची सीट

आगरदांड्याला पावसाळ्यापुरती मासेमारी बंद होऊन होडी किनाऱ्यावर ओढली आणि केसरच्या घरात सहलीचा एकच कल्ला झाला. महाबळेश्वर, कोल्हापूर, मैसूर, बंडीपूरचं जंगल, उटी! नव्या गाडीत कोण कुठं बसणार ते ठरवायला नातीनं ओटीवर खडूनं अख्खी गाडी काढली. “बाबा चालवणार, शेजारी आजोबा! होडीचे तांडेल ना ते!” केसरचा म्हातारा मात्र मागच्या टोकाला जाऊन बसला. “होडीत तांडेल सुकाणू धरून मागंच बसतो. पुढं आजी बसंल.” केसर गांगरली. होडीला हळदकुंकू दरवर्षी तिनंच वाहिलं, पण बाईमाणसानं आत पाय ठेवायचा नाही, म्हणून ती कायम वाळूतच उभी राहिली. “मी पुढं बसून काय करू?” “वाट बघ,” म्हातारा हसला. “जन्मभर माझी बघितलीस, आता आपली बघ.” पदर खोचून केसरनं खडूची रेघ ओलांडली आणि हाक दिली, “पोरा, होडी सोड!”