दोनचा पत्ता

"तीन, दो, एक... दिखाओ!" श्यामसुंदर म्हणाला.

तिघांनी पत्ते उलटले. देवीदास आठ, लता आठ, विनता आठ. बसतिकिटांच्या नव्या ॲपला आठ दिवस लागतील, असं तिघंही एकमेकांना न विचारता पत्त्यांतून म्हणत होती.

"अच्छा. चलो, फिर से. इस बार दिल से."

टीमलीडर तो, पण तो पत्ता टाकत नसे. काम किती दिवसांचं हे टीमनंच ठरवायचं, अशी या पत्त्यांच्या पद्धतीची रीत. तो फक्त पुन्हा पुन्हा विचारायचा. आज शुक्रवार होता आणि क्लायंटला काम सोमवारी हवं होतं, म्हणजे मधले दोनच दिवस.

दुसऱ्या फेरीत देवीदासचा पाच निघाला, लताचा तीन. तिसऱ्या फेरीत दोघांचेही दोन. विनताचा आठच.

ज्याचा पत्ता वेगळा, त्यानं उभं राहून कारण सांगायचं. ती उभी राहिली.

"काम आठ दिवसांचं आहे, म्हणून आठ. आणि ज्योतीचं लग्न ठरलं, रविवारी महाराजपूरला साक्षगंध आहे, भैया. बाबा नाहीत. बहिणीजवळ मलाच बसायचं आहे. महिन्यापासून सांगून राहिली तुम्हाला."

"मी कुठं रोखून राहिलो?" श्यामसुंदरचं मराठी अशाच वेळी बाहेर यायचं, तूप लावल्यासारखं. "टीम ठरवते ना. विचार टीमला."

टीम टेबलाकडे पाहत होती. लता नखानं पत्त्याचा कोपरा सोलत होती.

"टाका ना दीदी दोनचा," देवीदास पुटपुटला. "नाहीतर हा जेवायलाही नाही सोडत आज."

विनताला त्याची किळस आली. मग स्वतःच्या हाताची. तो हात पत्त्यांकडे निघालाच होता.

दोन.

टाळ्या वाजल्या. एकमत झालं की वाजवायच्याच असतात. श्यामसुंदरनं भिंतीवरच्या, कोण किती खूश ते दाखवणाऱ्या समाधानाच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे हसरा पिवळा चेहरा स्वतःच चिकटवला, अंगठ्यानं नीट दाबला.

"सोमवारी पेढे आणजो बरं, साक्षगंधाचे."

जिन्यात येऊन तिनं ज्योतीला फोन लावला. "मामीला बसव तुझ्याजवळ. मला नाही जमत."

"काहून पण? कोण नाही म्हणून राहिलं, ताई? नाव सांग. मी बोलते त्याच्याशी!"

विनतानं जिन्याच्या कठड्यावर हात घासला. पुन्हा घासला.

"नाही असं कोणीच म्हटलं नाही गं," ती म्हणाली. "मीच हो म्हटलं."