चारनंतर

विमा कंपनीच्या त्या ऑफिसात निरंजनसाठी टाळ्या वाजत होत्या. त्याची बायको नर्स होती आणि तिला दुपारची पाळी लागली होती. लेकाला सांभाळायला तो उद्यापासून आठवडाभर चारला घरी जाणार, उरलेलं काम घरूनच करणार.

"बाप असावा तर असा," सामंतसर म्हणाले. "बायको नशीबवान आहे तुझी."

उल्कानेही टाळ्या वाजवल्या. निरंजन भला माणूस होता, त्याच्यावर राग धरण्यासारखं काही नव्हतं. पण दिवाळीआधी तिनेही हेच मागितलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते, "संसार की नोकरी, काय ते एकदा ठरवा मॅडम."

सगळे उठल्यावर सरांनी तिला थांबवलं. "चारनंतर येणारे निरंजनचे ग्राहक तेवढे तुम्ही बघा. आठवडाभर जरा उशिरापर्यंत थांबावं लागेल."

"बघते," ती म्हणाली.

जागेवर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. "उद्यापासून मुक्ताला पाळणाघरातून तू आणशील का? मला उशीर होणार आहे."

"मी? मुलीला आणायला लवकर निघालो तर ऑफिसात हसतील गं मला."

निरंजनच्या टेबलाभोवती अजून घोळका होता. कुणीतरी त्याच्याकडे पेढे मागत होतं.

उल्काने पाळणाघराचा नंबर लावला. "काकू, उद्यापासून मुक्ता सगळ्यांत शेवटी निघेल," ती म्हणाली. "तिला तसं सांगून ठेवा."