बोटभर कमी

पट्टीची दोन टोकं आजही भिडली नाहीत. मध्ये बोटभर फट राहिली. धाकट्याने कडं ऐरणीवर ठेवलं आणि मान खाली घालून तो उभा राहिला.

"चालायचंच," थोरला म्हणाला. त्याने तुकडा कापून फटीत बसवला आणि वेल्डिंग मारलं.

अकरा वर्षं हेच चाललं होतं. लाकडी पिंपांना लोखंडी कडी बसवणं हा दोघा भावांचा धंदा. थोरल्याने शिकवलेला हिशेब धाकट्याला झोपेतही पाठ होता. पिंपाच्या व्यासाला बावीसने गुणायचं, साताने भागायचं, येईल तेवढी पट्टी कापायची. बोटभर वाढवून कापायची सोय नव्हती. "हिशेब बरोबर आहे, हात चुकतो तुझा," थोरला म्हणायचा. "वाढवून कापलंस तर तो सुधारायचाच नाही." कारखान्यात धाकट्याचं नावच 'बोटभर' पडलं होतं. तो ते हसण्यावारी न्यायचा. घरी मात्र तो अर्ध्या ताटावरून उठायचा.

उद्यापासून थोरला घरी बसणार होता, गुडघ्यांनी त्याला जेरीस आणलं होतं. जो मापं टाकेल, म्हणजे पट्ट्या किती लांब कापायच्या ते ठरवेल, त्याच्या हाती कारखाना, ही त्या घराची रीत. ते काम आपल्याला मिळणार नाही, हे धाकट्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण आज त्याला एक गोष्ट खटकली. सकाळचं पिंप घागरीएवढं होतं, आत्ताचं माणूस मावेल एवढं. दोन्हीला पट्टी कमी पडली ती बोटभरच. चुकणारा हात इतका नेमका कसा चुकेल?

जेवणाच्या सुट्टीत त्याने एका तयार कड्याला आतून दोरा लावून पाहिला, मग बाहेरून. बाहेर दोन बोटं जास्त भरली. लोखंडाला जाडी असते. थोरल्याने दिलेला हिशेब पिंपाचा होता, पट्टीचा नव्हताच. त्याने व्यासात पट्टीची जाडी मिळवली, नव्याने गुणाकार केला, पट्टी कापली, वाकवली. टोकाला टोक भिडलं.

थोरल्याने स्वतः कापलेली पट्टी मात्र कधीच कमी पडली नव्हती. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता.

निदान लेकीचं तरी असं होऊ नये, म्हणून तो कडं घेऊन तडक तिच्याकडे गेला. ती दोन वर्षांपासून काकाच्या हाताखाली भट्टीवर होती.

"हे बघ. व्यासात पट्टीची जाडी मिळवायची असते. तुझ्या काकाने मला अकरा वर्षं अडाणी ठेवलं. तुला मी तसं ठेवू देणार नाही."

लेकीने कड्याकडे पाहिलंही नाही.

"काकांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, बाबा."

"मग मला का नाही बोललीस?"

ती हातमोजे काढत राहिली.

"तुम्हाला जमलं असतं, तर उद्यापासून मापं टाकायचं काम मला कसं मिळालं असतं?"