होनोची वाल्स

“ती वाल्स मी वाजवणार नाही,” म्हातारा स्पात्सो म्हणाला आणि व्हायोलिनच्या खुंट्या पिळू लागला.

बाहेर स्त्रासबूरचं सभागृह भरलं होतं. एक्याऐंशीव्या वर्षी स्पात्सोच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण व्हायचं होतं. हे शेवटचं, हे सगळेच मनोमन जाणून होते. चाळीस वर्षं त्याच्या शेजारी गिटार घेऊन बसलेल्या होनोला एकच हवं होतं. जन्मात एकच धून त्याने रचली होती, वॉल्ट्झच्या ठेक्यातली ही वाल्स, ती रेकॉर्डवर यावी. स्पात्सोने मात्र एकोणीस वर्षं तिला हात लावला नव्हता.

“माज आहे तुला,” होनो म्हणाला. “माझं चांगलं झालेलं बघवत नाही.”

“बडव तू एकटा. मी थांबतो तोवर.”

टेबलावर चेरींचा वाडगा होता. होनोने तो नेहमीसारखा दूर सरकवला. भाऊ गेल्यापासून त्याने चेरी तोंडाला लावली नव्हती. भावाचा फार जीव होता चेरींवर. का सोडली, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. त्यांच्या मानूश, म्हणजे फ्रान्सकडच्या जिप्सी लोकांत मेलेल्याचं नावसुद्धा घेत नाहीत.

भर मैफलीत होनोने हट्टाने वाल्स सुरू केली. स्पात्सोने व्हायोलिन छातीशी धरलं आणि मान खाली घातली. टाळ्या कडकडल्या. जिरवली म्हाताऱ्याची, होनोला वाटलं.

मैफल संपल्यावर ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी त्याला आत बोलावलं. व्हायोलिनच्या माइकवर काहीतरी आलं होतं.

त्याने कान दिला. मागे त्याची गिटार होती. पुढे, अगदी जवळ, स्पात्सो ती वाल्स गुणगुणत होता. एकही सूर चुकत नव्हता. शेवटी एक नाव आलं, “लिझेल.”

स्पात्सोची बायको. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तेवढी वर्षं ते नाव कुणाच्या ओठांवर आलं नव्हतं.

“एवढं पुसता येईल,” बाई म्हणाल्या.

“वाल्सच काढून टाका.”

“अहो, तुमची एवढी एकच धून आहे रेकॉर्डवर. का काढायची?”

होनोने गिटार पेटीत ठेवली.

“आमच्यात असं विचारत नाहीत, बाई.”