देवणीचा पान्हा

मी बाळंतपणाला चुडाव्याला माहेरी आले, आणि तिकडे सासरी राणीसावरगावला आमच्या देवणी गाईनं पान्हा चोरला. देवणीची जात तशी गरीब, पण हिला धारेला माझाच हात लागतो. त्यामुळे सासूबाईंची माया एकदम उतू चालली. रोज फोन, "राजेश्री, तुझ्याबिगर घर खायला उठायलंय बघ. उद्याच गाडी धाडते."

लेक जेमतेम महिन्याची, त्यात सर्दीनं घुरघुरायलेली. मी कशी निघणार? माझी एक न धुतलेली साडी तेवढी पाठवून दिली. ती नेसून नवरा धारेला बसला, आणि वासाला फसून देवणीनं चरवी भरून दिली.



लेकीला आता पाचवा महिना लागलाय, माझी बॅग कधीची भरून तयार आहे, आणि सासूबाई म्हणतात, "राहा की निवांत! घाई काय हाय?"