पलंगाखालचं घर

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशी आहे, पण ज्याच्या घरात लेकरू आहे त्याने कान देऊन ऐकावी. हा बघा, आपला बाइंडर पलंगाखाली अर्धा आत, अर्धा बाहेर असा पालथा पडला आहे. मोबाइल शोधतो आहे.

"माझा माझ्या हातात आहे, तुमचा कपाटात," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "पलंगाखाली काय तिसरा उगवलाय?"

"शेजारच्यांचा आणला असेल," तो आतूनच बोलला. "मी आलो की ती कशी लगबगीने इथून बाहेर येते, बघितलंस ना?"

ती म्हणजे त्यांची पाच वर्षांची लेक. मिळेल ते कुठेतरी दडवून ठेवायची, म्हणून सगळे तिला खारुताई म्हणत. आत्ता ती हात धुवायला गेली होती. तेवढ्यात बापाने डाव साधला होता.

बाइंडर पुस्तकं बांधायचा. त्याने बांधलेलं पुस्तक कुठूनही बघा, एक कोपरा वाकडा दिसायचा नाही. लेक झाली तेव्हाच त्याने ठरवलं, हिच्या हाती मोबाइल द्यायचा नाही, काम द्यायचं. संध्याकाळी दुकानातून पुठ्ठ्याचं कातरण आणायचा, रंगीत कागद आणायचा, दोऱ्याची रिकामी रिळं आणायचा. पिठाची खळ शिजवायची आणि बापलेकीने जमिनीवर पसारा मांडायचा. रिळांची गाडी झाली. भिंगऱ्या झाल्या, पानांचे ठसे झाले, वाघाचा मुखवटा झाला. शेजारीपाजारी म्हणत, बाप असावा तर असा. त्याला ते ऐकायला आवडे, आणि का आवडू नये? देवाकडे त्याने दुसरं काही मागितलंच नव्हतं. लेकीने आपल्या शेजारी बसावं, हातांनी काहीतरी घडवावं, बस.

आणि नेमकं तेच बंद पडलं होतं. पसारा मांडला की ती यायची, गुडघ्यांवर हात ठेवून बसायची आणि म्हणायची, "तूच कर."

मग तो करायचा. खरं सांगायचं तर आधीपासून तोच करत होता. तिने वाघाच्या मिशा कपाळावर चिकटवल्या, तर खळ ओली आहे तोवर अलगद सोडवून जागच्या जागी बसवायचा. ओरडला कधीच नाही. "हं, आता बघ कसा वाघ दिसतो," एवढंच म्हणायचा. गाडीची चाकं, भिंगरीची पाती, सगळ्यावरून त्याचा हात फिरायचा. फुलावरून फिरावा तसा.

पलंगाखाली त्या हाताला खोकं लागलं. त्याने ते ओढून बाहेर काढलं.

बुटांचं रिकामं खोकं आडवं ठेवलेलं. आत घर होतं. दार पार छपरापर्यंत पोचलेलं. जिना अर्ध्यात संपलेला. खिडकी एका अंगाला कलंडलेली. खळ इतकी, की भिंतींवरून ओघळत होती. मधोमध कागदाची तीन माणसं.

"हात नको लावू. ओलं आहे."

दारात खारुताई उभी होती. धुतलेल्या हातांतून पाणी ठिबकत होतं.

"हे तू केलंस? एकटीने?"

तिने मान हलवली.

"मग मला का नाही दाखवलंस गं?"

"दाखवणार होते ना. वाळल्यावर." ती त्याची समजूत घालू लागली, मोठं माणूस लहानाची घालतं तशी. "वाळलं की मग तुला काढता येत नाही."

बाइंडर होता तिथेच जमिनीवर बसला. ज्या हातांना लोक नावाजत होते, त्या हातांपासून त्याचं लेकरू आपलं काम लपवत होतं. सुकेपर्यंत सांभाळत होतं.

"चुकलं बाळा माझं," तो म्हणाला. "आता नाही काढणार कधी."

"नक्की?"

"नक्की."

लहान मुलांचा जीव तो, लगेच विश्वास ठेवतो. ती येऊन त्याला चिकटून बसली. किती दिवसांनी बसली. बोट लांबवून दाखवू लागली, "ही आई. ही मी."

"आणि हा लांबडा कोण?"

"तू."

"मी होय? अगं, पण बाबाला हातच नाहीत."

"आहेत की," ती म्हणाली. "खिशात घातलेत."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या बायकोला हसू फुटलं. "बघा, लेकीला कळतं तुमचं औषध," ती म्हणाली. तोही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. असं घर आजवर कुणी बांधलं नसेल, असं तो लेकीला सांगत राहिला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

खारुताई मात्र हसत नव्हती. त्याच्या तोंडाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती खोक्याकडे बघत होती. मग त्यानेही बघितलं.

बोलता बोलता अंगठा कधी तिथे गेला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. खिडकी सरळ झाली होती.

ती उठली आणि आईला जाऊन बिलगली.

मायबापहो, माणूस वाईट नव्हता हो तो. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या बाइंडरलाही आठवा. त्याच्यासाठी फार काही मागू नका. त्याचेही हात घडीभर असेच जोडलेले राहोत, एवढंच मागा.