काजळ्याची मालकीण

काळ्या कुत्र्यानं आधी कान टवकारले. मग गळ्यातली दोरी ताणून तो असा काही ओरडला, की वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे भर्रकन उडाले.

"काजळ्या!" सोजराबाईंच्या तोंडून निघालं, आणि त्या तिथंच वाळूत बसल्या.

कुत्रा अंगावर आला. त्यानं त्यांचं तोंड चाटलं, पदर ओढला, चष्मा पाडला. 'किती वाळलास रं' असं म्हणायला त्या गेल्या, पण तो वाळला नव्हता. चांगला भरला होता. मासे मानवले होते त्याला.

नवरा गेल्यावर लेकानं, भाग्येशनं, त्यांना लातूरकडच्या गावाहून बोईसरला आणलं होतं. सोबत काजळ्याही आला. चौथ्या मजल्यावरचं घर, लेक आणि सून दोघंही कंपनीत. कधी तो रात्रपाळीला, कधी ती. घरी असला तरी भाग्येश झोपलेला असे. शेजारची दारं बंद. दिवसभर सोजराबाई काजळ्याशी बोलायच्या. ज्वारी यंदा कशी असेल, विहिरीला पाणी असेल का, असलं काहीबाही. तो मान वाकडी करून ऐकायचा. बिल्डिंगवाल्यांनी कुत्र्यावरून कटकट सुरू केली, आणि एक दिवस त्या बिल्डिंगखालच्या देवळातून परत आल्या, तर काजळ्या घरात नव्हता.

"दार उघडं राहिलं गं आई," भाग्येश म्हणाला होता.

त्या संध्याकाळी त्यानं आईला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि सगळं बोईसर पालथं घातलं. चहाच्या टपऱ्यांवर विचारलं. कंपन्यांच्या भिंतींकडेनं "काजळ्याऽ, काजळ्याऽ" अशा हाका मारल्या. परतताना तिला उसाचा रस पाजला. कुत्रा मिळाला नाही. पण लेक इतका वेळ आपल्यासोबत होता, याचं त्या दुःखातही सोजराबाईंना बरं वाटलं होतं.

मग आज मासेवाली दीपाली जिन्यात म्हणाली, "आजी, तुमच्या कुत्र्यावानी एक आमच्या गावात, दांडीला हाय, समुद्रावर. रखमाच्या दारात." भाग्येश कामावर होता. सोजराबाईंनी घराला कुलूप लावलं, आणि एकटीनं कधी नाक्यापर्यंतही न गेलेली ती बाई विचारत विचारत रिक्षानं समुद्रापर्यंत आली.

"ओ बाय, लांब व्हा! चावंल तो!" घरातून एक बाई ओले हात पुसत धावत आली. हीच रखमा.

"न्हाई चावायचा. वळखतो मला." सोजराबाईंनी वाळूतला चष्मा उचलला. "त्याला न्यायला आलेय मी."

रखमानं दोरी हातात घट्ट धरली. "नाय बाय. तसा कोनालाही नाय देनार. ठेव हाय ती."

"कुणाची?"

"मेलेल्या मान्साची." रखमाचा आवाज खाली आला. "एक पोरगा आला होता मोटारसायकलवरून. कंपनीतला. बोलला, याचं नाव काजळ्या, माझ्या आयनं ठेवलंय. आय वारली, आता याला बघनारं कोन नाय. बोलता बोलता रडला हो. मी बोलले, ठेव बाबा, चार पोरांत पाचवा."

सोजराबाईंचा हात कुत्र्याच्या पाठीवर होता, तो तसाच राहिला.

'ती मीच की.' शब्द अगदी ओठांवर आले. पण समोरच्या त्या भल्या बाईच्या डोळ्यांत अजून त्या पोराविषयी कळवळा होता. तो पुसून टाकायचा त्यांना धीर होईना. कसाही असला तरी पोटचा होता. आजवर त्याला कुणी बोल लावला, तर त्या भांडायला उठत.

"तुमी कोन त्यांच्या?" रखमानं विचारलं.

"शेजारीण," सोजराबाई म्हणाल्या. "शेजारीच राहायचे मी."

रखमानं कुत्र्याकडं बघितलं. तो सोजराबाईंच्या मांडीवर डोकं टाकून डोळे मिटून पडला होता. तिनं खाली बसून दोरी सोडली आणि त्यांच्या हातात दिली.

"न्या मग. तुमच्यावर जीव हाय त्याचा. पन बिल्डिंगीत ठेवू देतील?"

"न्हाई देत. गावाला नेते." बोलून झाल्यावर त्यांना कळलं, की आपलं ठरलंय. "घर हाय तिथं. बंद पडलंय, झाडून घेईन."

रखमानं मूठभर सुके बोंबील कागदात बांधून दिले, कुत्र्याला वाटेत म्हणून, आणि ती रिक्षापर्यंत सोबत आली. काजळ्या दोघींच्या मधून चालत होता. मधेच मागं वळून रखमाच्या दाराकडं बघत होता.

"चांगली असंल ती बाय," रखमा म्हणाली. "लेक एवढा रडला म्हन्जे. घरात सगली व्हती ना तिच्या?"

"व्हती की. लेक, सून. सगळी."

"मग काय झालं व्हतं तिला? कशानं गेली?"

रिक्षावाल्यानं कुत्र्याकडं बघून तोंड वाकडं केलं. सोजराबाईंनी आधी काजळ्याला आत चढवलं, मग स्वतः बसल्या.

"बोलायला कुणी नव्हतं तिला," त्या म्हणाल्या.